आईच्या तिथीचा घेवडा

विशालाक्षीच्या मते जगातली बरीचशी माणसं बिनकामाची होती, आणि ज्यांना शेंग पारखता येत नाही ती तर जन्माला येऊन वाया गेलेली. मद्रासजवळच्या तांबरमच्या बाजारात भाजीवालीच्या टोपलीपुढे उकिडवी बसून ती एकेक शेंग उचले, मधोमध मोडे, मोडल्याचा आवाज ऐके, मोडल्या जागी वास घेई आणि परत टोपलीत टाकी. अशा दहाबारा शेंगा मोडून एकही न घेता ती उठली, की भाजीवाली तमिळमधून तिच्या मागच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. विशालाक्षी वळूनसुद्धा पाहत नसे. जून शेंगा कोवळ्या म्हणून विकणारीच्या शिव्या काय मनावर घ्यायच्या?

खरं सांगायचं तर तिला बाजारातून शेंगा घ्यायच्याच नसत. दुसऱ्यांच्या शेंगा किती वाईट आहेत एवढंच पाहून यायला ती जाई, आणि परतताना तिचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा तृप्त असे. कारण घराच्या मागच्या अंगणात, विहिरीला लागून, तिचा स्वतःचा घेवड्याचा मांडव होता. रुंद, चपट्या शेंगांचा हा वेलावरचा घेवडा. तमिळ लोक त्याला अवरैकाय म्हणतात. घर भावाचं, विहीर भावाची, मांडवाचे बांबूसुद्धा भावाच्या पगारातले. पण मांडवाखाली पाऊल टाकायचं तर भावालाही तिला विचारावं लागे.

हे विचारायला लावणं तिला का हवं होतं, ते समजायला फार अक्कल लागत नाही. चौदाव्या वर्षी तंजावरच्या मराठी घरातून लग्न होऊन ती कुंभकोणमला गेली, तेव्हा आईने तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक मातीची बुडकुली ठेवली होती. तीत राखेत मुरवलेलं घेवड्याचं बी होतं. एकोणिसाव्या वर्षी ती परत आली तेव्हा साड्या निम्म्याहून अधिक सासरी राहिल्या, दागिने राहिले, नवरा तर राहिलाच नव्हता. बुडकुली तेवढी तिने कुणाला हात लावू दिली नाही. पुढे आई गेली, तंजावरचं घर गेलं, भावाला मद्रासला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि भावाच्या बिऱ्हाडासोबत तीही तांबरमला आली. भाऊ चांगला होता, भावजय त्याहून चांगली होती. तरी परक्या ताटात जेवल्यासारखं वाटायचं ते वाटायचंच. फक्त मांडवाखाली वाटत नसे.

बी आईचं होतं, पण ते जसंच्या तसं तिने वाढवलं नव्हतं. तांबरमची लाल, खडीची जमीन म्हणजे तंजावरचा गाळ नव्हे. पहिल्या वर्षी त्या एका बुडकुलीतून तीन तऱ्हेचे वेल निघाले. एकाच्या शेंगेला जांभळी कड होती. तो धोधो धरायचा, पण शिरा सुतळीसारख्या निघायच्या आणि भाजी काळी पडायची. दुसऱ्याची शेंग लोण्यासारखी कोवळी, पण झुबक्यात दोन नाहीतर तीन. तिसरा पांढऱ्या फुलाचा, फिक्या हिरव्या, बोटभर शेंगेचा. त्याचे झुबके पानांच्या वर उभे राहायचे आणि शेंग मोडली की तिचा तो तुपकट हिरवा वास हाताला संध्याकाळपर्यंत टिकायचा. विशालाक्षीने पहिले दोन्ही उपटले. विमला, म्हणजे तिची भावजय, जांभळ्या कडेच्या वेलासाठी हळहळली, कारण घरात खाणारी तोंडं पाच होती. पोट भरायला गवतही चालतं, असं विशालाक्षीने तिला सांगितलं.

मग वीस वर्षं ती त्या तिसऱ्या वेलातूनच निवडत आली. पहिल्या बहराच्या शेंगा देवाला. शेवटच्या बहराच्या अशक्त, त्या बियाला कामाच्या नाहीत. मधल्या बहरातला, वेलाच्या मध्यावरचा, सगळ्यांत दाट झुबका ती हेरी आणि त्याला लाल दोरा बांधी. दोरा बांधलेल्या झुबक्याला हात लावणाऱ्याची खैर नसे. शेंगा वेलावरच वाळल्या की त्यातलं एकेक बी तळहातावर घेऊन पाहणं, सुरकुतलेलं, ठिपक्याचं, वजनाला हलकं ते बाजूला टाकणं, उरलेलं राखेत घालून बुडकुलीचं तोंड शेणामातीने लिंपणं, हे सगळं ती एकटी करी. बी मागायला आलेल्यांना ती सरळ नाही म्हणे. लोकांना राखायचं कळत नाही, नासायचं तेवढं कळतं, असा तिचा अनुभव होता. अनुभव कुठून आला हे विचारू नका, कारण तिने कुणाला कधी बी दिलंच नव्हतं.

तिचा भाऊ चंद्रमौळी राव हा रेल्वेत हेडक्लार्क होता आणि कागदावर छापलेलं काहीही त्याला खरं वाटे. सकाळी इलेक्ट्रिक गाडीत बसून ऑफिसात जाताना आणि संध्याकाळी परतताना तो पत्रकं वाची. शेतीखात्याची पत्रकं, बियाण्यांचे कॅटलॉग, मधमाश्या पाळण्याची पत्रकंसुद्धा. स्वतः त्याने आयुष्यात एक मिरचीचं रोप जगवलं नव्हतं. पण एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात त्याच्या हाती एक रंगीत पुडकं पडलं आणि घराची शांतता गेली.

पुडकं दिलं प्रमोदिनीबाईंनी. कुंपणापलीकडच्या घरात हे पुण्याकडचं कुटुंब नुकतंच राहायला आलं होतं. यजमान एअर फोर्समध्ये, आधी बंगळूरला होते. पुडक्यावर फरसबीचं चित्र होतं, मद्रासकडे जिला सगळे नुसतं बीन्स म्हणतात ती. शेंगा लांब, गोल, पेन्सिलीसारख्या सरळ, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की या जातीला शिरा नाहीत आणि पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो. चंद्रमौळीने ताबडतोब हिशेब मांडला. घेवडा सहा महिने मांडव अडवतो तेव्हा कुठे शेंग दिसते. तेवढ्या वेळात बीन्सची तीन पिकं निघतील, म्हणजे त्याच जागेत उत्पन्न तिप्पट, शिवाय शिरा काढायची कटकट नाही. विशालाक्षीने हे सगळं ऐकून घेतलं आणि चित्रातल्या शेंगा शिजवायला पाणी किती लागतं तेवढं विचारलं.

त्याने ऐन चैत्र-वैशाखात बी टोकलं. झुडपं झकास आली, फुलं तर इतकी आली की तो रोज चष्मा पुसून मोजायला जाई. मग मद्रासचं ऊन तापलं आणि सगळी फुलं दोन दिवसांत गळून पडली. खाली पांढरा सडा आणि वर रिकामी झुडपं. विशालाक्षीने केरसुणी आणून तो सडा मुकाट्याने गोळा केला आणि सुपात भरून त्याच्या जेवणाच्या पाटासमोर ठेवला. पहिला तोडा, असं म्हणाली. विमला हसू दाबायला आत निघून गेली. चंद्रमौळी जेवला नाही.

माणूस शहाणा असता तर तिथे थांबला असता. चंद्रमौळी पत्रकं वाचणारा होता, त्यामुळे त्याला कारण सापडलं: ऋतू चुकला. आता आषाढात दोघांनीही पेरावं, असं त्याने सुचवलं. तिचा घेवडा मांडवावर, त्याचे बीन्स मांडवाच्या कडेने वाफ्यात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात दोघांना पुरत नाही, तेव्हा एकदाच काय तो निकाल लागू दे. आईची तिथी पौषात येते. तोवर ज्याचं पीक वजनाला जास्त आणि खायला बरं, त्याचं सबंध अंगण. दुसऱ्याने आपलं उपटायचं आणि पुन्हा लावायचं नाही. विमलाने दोघांनाही गप्प करायचा प्रयत्न केला. पण विशालाक्षी तेवढ्यात हो म्हणून बसली होती. तिला वाटलं, फुलं मोजणाऱ्या कारकुनाला भ्यायचं म्हणजे काय?

"आणि एवढं ध्यानांत ठेव मौळी," ती म्हणाली, "तुझे बीन्स आईच्या पानांत जात नाहीत. इंग्लिश भाजी ती. पितरांना चालत नाही."

हे खरंच होतं. श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी, बटाटा, बीन्स ह्या साहेबाने आणलेल्या भाज्यांना त्यांच्याकडे मज्जाव असे. कच्चं केळं, कारलं, गवार, घेवडा ह्या जुन्या भाज्या तेवढ्या चालत. आणि ह्या नियमाची राखण करायला तांबरमच्या त्या गल्लीत विशालाक्षीइतकं तत्पर कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्याच महालक्ष्मीच्या घरी तिच्या सासऱ्यांच्या श्राद्धाला ती मदतीला गेली, तर कूटूत, म्हणजे डाळ घातलेल्या भाजीत, तिला कोबीचे दोन तुकडे दिसले. महालक्ष्मीच्या नवख्या सुनेने घातले होते. श्राद्ध सांगायला आलेले सुब्बा शास्त्री पाटावर बसायच्या बेतात होते. विशालाक्षीने सगळ्यांदेखत पळी आपटली, स्वयंपाक ओतायला लावला, भांडी घासून पुन्हा चूल पेटवायला लावली. महालक्ष्मी रडवेली होऊन म्हणत होती की कोबी झाला तरी मातीतच उगवतो ना. मातीत काय काय पडतं ते सगळं पानात वाढणार का, असं विशालाक्षीने तिला विचारलं होतं. तेव्हापासून महालक्ष्मी तिला पाहून रस्त्याची बाजू बदलत असे. आणखी एकदा, कावळ्याने विहिरीच्या कठड्यावर हाडाचा तुकडा टाकला, तर तिने चंद्रमौळीला ऑफिस बुडवून चाळीस घागरी पाणी उपसायला लावलं होतं.

आषाढात पेरणीच्या आधी ती दहा दिवस तंजावरला नातलगांकडे राहून आली. परत आली तेव्हा चंद्रमौळीने आपला वाफा खोल खणून, माती भुसभुशीत करून ठेवला होता. त्याने मांडवाच्या पायथ्याचीही माती सैल करून दिली होती. तिला संशय यायला हवा होता, कारण त्याने आयुष्यात कुदळ धरली नव्हती. पण तिला त्यात भावाची शरणागती दिसली आणि ती सुखावली. नंतर आठवडाभर गल्लीतली कुत्री कुंपणातून घुसून नेमका तो वाफा उकरायला बघत होती आणि चंद्रमौळी पहाटे उठून त्यांना काठीने हाकलत होता. कुत्र्यांनाही त्याच्या बीन्सची कीव येते आहे, असं ती विमलाला म्हणाली.

मद्रासचा खरा पाऊस आश्विन-कार्तिकात येतो. तो आला आणि बीन्सच्या वाफ्यात चार दिवस पाणी उभं राहिलं. निम्मी झुडपं मुळाशी सडली. उरलेल्यांवर मांडवाची सावली पडत होती. चंद्रमौळी ऑफिसातून एक ताणकाटा घेऊन आला होता. त्याला लटकावण्याइतक्या शेंगा त्याला मार्गशीर्ष उजाडेपर्यंत मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या खरोखर सरळ आणि बिनशिरांच्या होत्या. विशालाक्षीने त्या चाखून पाहिल्या आणि ह्यांना शिराही नाहीत आणि चवही नाही, असा निकाल दिला.

इकडे घेवड्याला मात्र काय झालं कोणास ठाऊक. वीस वर्षांत तिने असा बहर पाहिला नव्हता. मांडवाचा एकही बांबू दिसेना. ज्या झुबक्यात सहा शेंगा धरायच्या तिथे अकरा, बारा धरू लागल्या, आणि शेंगही कशी, तर भरदार, नितळ, कडेपर्यंत कोवळी. मावा पडला तो आपोआप निघून गेला. दर तिसऱ्या दिवशी चंद्रमौळी ताणकाटा धरी, विमला टोपली लटकावी आणि विशालाक्षी आकडा मोठ्याने म्हणे, कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एरवी तिथीपर्यंत तीस पौंड म्हणजे डोक्यावरून पाणी. त्या वर्षी तिथीच्या आदल्या दिवशी बेरीज झाली एक्याऐंशी पौंड. बीन्स साडेचार.

तिने गल्ली डोक्यावर घेतली. आयुष्यात कुणाला मूठभर शेंगा न देणारी बाई घरोघर टोपल्या पाठवू लागली, आणि शेंगांबरोबर प्रवचनही. वाण म्हणजे निवड. निवड म्हणजे नजर. वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बी निवडलं की असं होतं, पत्रकं वाचून होत नाही. चंद्रमौळी हे सगळं खाली मान घालून ऐके आणि एकदाही उलटून बोलत नसे. हरलेल्या माणसाची मान अशीच असते असं तिला वाटे. तिला फार बरं वाटत होतं, एवढं बरं तिला आई असतानाही कधी वाटलं नव्हतं.

तिथीच्या दिवशी सकाळी तिने विहिरीवर स्नान केलं आणि ओल्यानेच मांडवाखाली जाऊन श्राद्धासाठी शेंगा तोडल्या. चूल पेटली होती. केळं, कारलं चिरून झालं होतं, शेंगांच्या शिरा काढून त्या बारीक चिरून पितळी पातेल्यात पडल्या होत्या. शेंगांची देठं टाकायला ती मागल्या दारी गेली, तर कुंपणापलीकडे प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. सोवळ्यात आहात, शिवत नाही, दुरूनच विचारते, असं म्हणत त्यांनी विचारलं.

"अहो विशालाक्षीताई, ते हाडांचं खत एवढं लागू पडलं का हो? चंद्रमौळीरावांनी आषाढात पोतंभर पुरलं होतं ना? दुकान आमच्या ह्यांनीच दाखवलं त्यांना. मला गुलाबांना घालायचंय, म्हणून विचारते."

विशालाक्षीने हातातली देठं खाली टाकली. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कुत्री आठवली. खोल खणलेला वाफा आठवला, मांडवाच्या पायथ्याची सैल केलेली माती आठवली. घेवड्याची मुळं काही मांडवापुरती थांबत नाहीत. ती वाफ्यात गेली होती, आणि बीन्स सडल्यावर सगळं पोतं एकट्या घेवड्याने खाल्लं होतं. प्रमोदिनीबाईंना तिने आज घरात आईची तिथी आहे एवढंच सांगितलं आणि आत आली.

पातेल्यात फोडणी बसत होती. वास सबंध घरात पसरला होता, तोच तुपकट हिरवा वास. ती चुलीपुढे उभी राहिली आणि तिने सगळं मनात मांडून पाहिलं. शास्त्री साडेदहाला यायचे होते, नऊ वाजून गेले होते. तिने तोंड उघडलं असतं तर चंद्रमौळी कायमचा मेला असता. सुब्बा शास्त्र्यांसमोर, बायकोसमोर, गल्लीसमोर. ब्राह्मणाच्या अंगणात, विहिरीपासून चार हातांवर हाडं पुरणारा माणूस! अशी संधी ती आयुष्यभर शोधत होती आणि आज ती आपल्या पायांनी चालून कुंपणाशी आली होती.

पण मग तिच्याच कायद्याप्रमाणे भाजी ओतावी लागणार होती. भाजी ओतली की मांडवही गेला. हाडांवर वाढलेला वेल ठेवायचा कसा? आणि वेल गेला की लाल दोऱ्याचे झुबकेही गेले, बुडकुलीतलं पुढच्या वर्षीचं बी गेलं. आईचं बी आईच्याच तिथीला तिच्या हाताने संपायचं होतं. आणि ह्या सगळ्याहून वाईट एक गोष्ट होती, ती तिला चुलीच्या धगीत फार स्पष्ट दिसली. एक्याऐंशी पौंड तिच्या निवडीचे नव्हते. तीस तिचे होते. एकावन्न हाडांचे होते.

हाडं आता हाडं कुठे राहिली, सहा महिने झाले, त्यांची माती झाली. आणि मातीत उगवलेलं सगळंच शुद्ध. हा युक्तिवाद तिच्या मनात आला आणि लगेच तिला महालक्ष्मीचा रडवेला चेहरा आठवला. तिला स्वतःची किळस आली. तिने पळी उचलली, मीठ घातलं, वर खवलेला नारळ पेरला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

सुब्बा शास्त्री आणि दुसरे एक ब्राह्मण वेळेवर आले. चंद्रमौळीने त्यांचे पाय धुतले, संकल्प झाला, पानं मांडली. विमला वाढत होती आणि विशालाक्षी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. श्राद्धाच्या पंगतीत बोलायचं नसतं, पदार्थाची वाखाणणी तर मुळीच करायची नसते, म्हणून शास्त्र्यांनी बोटाने पानातल्या घेवड्याकडे खूण केली. एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा केली तेव्हा विमलाने पातेलंच रिकामं केलं. समोर जानवं उजव्या खांद्यावर घेऊन बसलेल्या चंद्रमौळीच्या कपाळावर घाम होता. प्रत्येक खुणेला त्याचा हात दर्भावर घट्ट होत होता. तिने ते पाहिलं आणि तिला कळलं की बिचारा सहा महिने ह्याच घासाला भीत होता, आणि तरीही आईच्या पानात घेवडा पडू दिला, कारण सांगायचं म्हणजे हिला सांगावं लागलं असतं.

जेवणं झाल्यावर शास्त्री बाहेरच्या ओट्यावर पान जमवत बसले. आता बोलायला हरकत नव्हती. तंजावर सोडल्यापासून अशी अवरैकाय तोंडात पडली नव्हती, असं ते म्हणाले. आई तृप्त होऊन गेली, त्यांना स्वतःला तसं जाणवलं. मग त्यांनी दाराआडच्या विशालाक्षीला विचारलं.

"वेलाला काय घालतां हो तुम्ही?"

चंद्रमौळी दक्षिणेचं तबक घेऊन मध्येच थांबला. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिला, पंधरा वर्षांचा असताना तिच्या हातून मार खाण्याआधी पाहायचा तसा.

"शेण आणि राख," विशालाक्षी म्हणाली. "आमची आई घालायची तेच. दुसरं कायी नाही."

तेव्हा मात्र त्याने वर पाहिलं. बाईचा आवाज एवढा शांत असेल तर तिला सगळं माहीत आहे, हे ओळखण्याइतका तो तिचा भाऊ होता. शास्त्र्यांनी मान डोलावली आणि हे वाण घराघरातून श्राद्धाला असायला पाहिजे, चार बिया द्या, असं म्हणाले. ज्या बाईने वीस वर्षांत सख्ख्या नातलगांना बी दिलं नव्हतं, ती आत गेली आणि अकरा बिया कागदात बांधून घेऊन आली. शास्त्र्यांच्या अंगणात त्यांचं काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. जेमतेम उत्पन्न निघेल आणि शास्त्री म्हणतील की विशालाक्षीबाईंच्या हाताला पुण्य आहे, आपल्या हाताला नाही. ते ऐकून घ्यायची तयारी तिला आतापासून करावी लागणार होती.

संध्याकाळी चंद्रमौळीने ठरल्याप्रमाणे आपली उरलीसुरली झुडपं स्वतः उपटली. अंगण तिचं झालं. ती पायरीवर बसून पाहत होती आणि तिच्या तोंडून टोमणा निघाला नाही. विमलाला वाटलं, आईच्या आठवणीने अक्का हळवी झाली आहे. तिने तसं बोलून दाखवलं, आणि विशालाक्षीने तिला खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं.

त्यानंतर ती बाजारात जायची ती जायचीच, शेंगा मोडायच्या त्या मोडायचीच. पण भाजीवालीला हल्ली तोंड वाजवायला कारण कमी मिळू लागलं, कारण दोन मोडून विशालाक्षी मुकाट्याने पाव पौंड घेऊन जाई. एकदा रस्त्यात महालक्ष्मी समोरून आली आणि सवयीने बाजू बदलू लागली, तर विशालाक्षीने स्वतःच आधी बदलली. महालक्ष्मीला त्यात आपला आणखी एक अपमान दिसला आणि तिने तो चार घरी सांगितला.

पुढचा आषाढ आला. विशालाक्षीने बुडकुलीचं लिंपण फोडलं, राख चाळली, एकेक बी तळहातावर घेऊन पाहिलं. बी नेहमीपेक्षा वजनदार होतं. मांडवाच्या पायथ्याशी तिने आळी केली, शेण आणून ठेवलं, पण बी टोकलं नाही. रविवार होता. चंद्रमौळी मागल्या पडवीत बसला होता. पत्रक वाचत नव्हता, आताशा तो घरात पत्रकं वाचत नसे. तिने त्याला हाक मारली. तो चपला काढून मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला, आत पाऊल न टाकता.

त्याच्याकडे न बघता ती आळ्यातली माती बोटांनी सारखी करत होती. तीस पौंडही काही कमी नाहीत, असं ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. चंद्रमौळी होय म्हणाला. आई असती तर तीस पौंडांत समाधान मानलं असतं, असं ती म्हणाली. चंद्रमौळी पुन्हा होय म्हणाला.

विशालाक्षीने हात झटकले आणि पदर सावरून उठली. तिला पलीकडच्या गल्लीत ओळखीच्या कनकाकडे पापड लाटायला जायचं होतं आणि दिवेलागणीपर्यंत यायचं नव्हतं, असं तिने सांगितलं. दारापर्यंत गेली आणि मागे न वळता थांबली.

"ते तुझं पोतं," ती म्हणाली. "आण. पण मज नक्को सांगू."